अकरा वर्षं बिनचूक

सासूबाईंच्या अंगावर चार पट्ट्या निघाल्या.

एक डाव्या दंडावर, एक उजव्या दंडावर आणि दोन पाठीवर, जिथे त्यांचा स्वतःचा हात सात जन्मांत पोचला नसता. सुलटबाई ओला टॉवेल हातात धरून बघतच राहिली. दुपारी जेवून झोपलेल्या सासूबाई पाच वाजले तरी उठेनात, हाक मारली की 'हं' करून पुन्हा डोळे मिटत, म्हणून तिने त्यांचं तोंड पुसावं, बाह्या वर सारून हात पुसावेत म्हटलं, तर हे समोर आलं. गुडघ्याच्या दुखण्यावरची ती औषधाची पट्टी होती. कातडीला चिकटवायची, तीन दिवसांनी काढून टाकायची, मग दुसऱ्या जागी नवी लावायची. एका वेळी एक. एका वेळी चार म्हणजे काय, हे कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती. तिने चारही ओढून काढल्या आणि सासूबाईंच्या नाकाशी हात धरला. श्वास इतका सावकाश येत होता की त्यांच्या दोन श्वासांच्या मधे तिचे स्वतःचे चार-पाच होत होते.

पुढचा तासभर कसा गेला हे तिला नंतर कधी धड सांगता आलं नाही. रुग्णवाहिका आली. नवरा कामावरून परस्पर दवाखान्यात पोचला. सासूबाईंच्या नाकाला नळी लागली, हातात सुई गेली, आणि थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडून, एवढी छान झोप लागली होती, मला उठवलंत कशाला, म्हणून सगळ्यांना फैलावर घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका टळलाय, पण दोन दिवस इथेच राहू दे. उद्यापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं तर मात्र कठीण होतं.

मग त्यांनी साधा प्रश्न विचारला. पेशंटला सूचनांचा कागद मिळाला नव्हता का?

इतका वेळ भिंतीला टेकून उभी असलेली सुलटबाई या प्रश्नावर ताठ झाली. तिने जरा चढ्या आवाजातच सांगितलं की कागद मिळाला होता, आमच्या घरच्या भाषेत होता, आणि आधी जुनी पट्टी काढा असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ते मला ठाऊक आहे, कारण तो कागद मीच लिहिलाय. डॉक्टरीणबाईंनी तसं टिपून घेतलं आणि त्या पुढच्या कॉटकडे गेल्या.

आता हा ताठा कुठून आला ते सांगायला हवं, नाहीतर बाई उगाच फुशारक्या मारते असं वाटेल.

त्या शहराची भाषा एक, आणि सुलटबाईच्या घरची भाषा दुसरी. शहरात अशा घरच्या भाषा बारा होत्या, आणि औषधाचा प्रत्येक कागद बाराही भाषांत निघावा असा नियम होता. त्यासाठी एक कार्यालय होतं आणि तिथे प्रत्येक भाषेला दोन माणसं होती. पहिलं माणूस शहराच्या भाषेतला कागद घरच्या भाषेत आणायचं. दुसऱ्याला मूळ कागद दाखवायचाच नाही, फक्त पहिल्याने लिहिलेला द्यायचा, आणि त्याने तो पुन्हा शहराच्या भाषेत परतवायचा. मग मूळ कागद आणि परत आलेला कागद शेजारी ठेवून मोठ्या बाई दोन्ही ओळीओळीने ताडून बघत. जिथे फरक पडेल तिथे लाल खूण. तीन लाल खुणा झाल्या की पहिल्या माणसाला नारळ. मोठ्या बाईंना बारांपैकी एकही भाषा येत नव्हती आणि यायची गरजही नव्हती, हीच या पद्धतीतली खुबी होती.

त्या दोघांनी एकमेकांना भेटायचं नाही, बोलायचं नाही, ओळख वाढवायची नाही, हा दुसरा नियम. कागद कपाटातून जायचे आणि कपाटातून यायचे. कपाट सांभाळणाऱ्या कारकून बाईंना विणकामाचा नाद. टाक्यांच्या नावांवरून त्यांनी पहिल्या माणसांना सुलट आणि दुसऱ्यांना उलट म्हणायला सुरुवात केली, आणि बघता बघता आपली बाई सगळ्या कार्यालयाची सुलटबाई झाली. तिचे कागद परतवणारे गृहस्थ झाले उलटराव. अकरा वर्षांत तिने त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्यांच्यात खटका उडाला तो एकदाच, अगदी सुरुवातीला. दवाखान्यातून भाषांतराला आलेली, माणसाच्या वीस गुणांची एक प्रश्नावली होती: तुमचा शेजारी कष्टाळू आहे का, शांत आहे का, असं काहीबाही. त्यात सुलटबाईने लिहिलेला 'विश्वासू' उलटरावांकडून परत आला तो 'साथ न सोडणारा' होऊन. लाल खूण पडली. सुलटबाई तेव्हा नवी होती, मुलगी दीड वर्षाची होती, आणि तिचं डोकं भयंकर फिरलं. तिने दोन पानी पत्र लिहिलं. आमच्या भाषेत विश्वासू म्हणजे ज्याच्या हाती घराची किल्ली देऊन खुशाल परगावी जावं तो. साथ धरणं-सोडणं हा प्रश्नच निराळा. समोरच्याला एवढंही समजत नसेल तर त्यात माझी काय चूक, आणि त्यापायी माझ्या लेकराच्या तोंडचा घास का जावा? मोठ्या बाईंनी खूण पुसली.

त्यानंतर आजवर एकही नाही. बाकीच्या भाषांत माणसं आली नि गेली, सुलटबाईची पाटी कोरीच राहिली. दहा वर्षं झाली तेव्हा कार्यालयाने एक प्रशस्तिपत्र दिलं. ते सासूबाईंनी हट्टाने चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलं, आणि गॅस दुरुस्त करायला येणाऱ्यालाही त्या आधी त्याच्यासमोर उभं करत.

तर डॉक्टरीणबाई निघून गेल्यावर सुलटबाईने सासूबाईंच्या पिशवीतून तो कागद काढला. त्यांना बोट ठेवून दाखवावं, एवढाच हेतू होता. आई, हे बघा, इथे लिहिलंय, वाचायचा आळस केलात, असं लटकं रागवायचं तिने मनात ठरवूनही ठेवलं होतं.

हात धुऊन कोरडे करा. कोरडी, केस नसलेली जागा निवडा. पट्टीमागचा कागद सोलून काढा. पट्टी तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरा. तीन दिवसांनी दुसऱ्या जागी नवी पट्टी लावा.

तिने पुन्हा वाचलं. कागद उलटून मागे बघितलं. मागे दवाखान्याचे फोन नंबर होते. पुन्हा पुढची बाजू वाचली, या वेळी बोट एकेका शब्दावर ठेवून, पहिलीतल्या पोरीसारखं. जुनी पट्टी काढायचं वाक्य त्या कागदावर नव्हतं.

ते कधी निसटलं, कसं निसटलं, हे आठवायचा तिने खूप प्रयत्न केला. त्या दिवशी घरात काही भांडण झालं होतं का, मुलगी आजारी होती का, निदान डोकं तरी दुखत होतं का? काही म्हणजे काही आठवेना. लागोपाठच्या दोन वाक्यांत 'पट्टी' होती, एकीवरून दुसरीवर नजर घसरली असेल, बस्स. तो एक साधा चांगला दिवस होता, आणि त्या दिवशी तिने पोट भरून जेवण केलं असणार.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. काही नाही म्हणून तिने कागद घडी घालून पर्समध्ये टाकला. डॉक्टरीणबाई दोन कॉट पलीकडेच होत्या, पण त्यांच्याकडे जायला तिचे पाय उचलले नाहीत, हेही इथे सांगून टाकलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी ती दारात उभी होती. तिने कपाटातून त्या पट्टीची फाइल मागून घेतली. आठ महिन्यांपूर्वीची होती. आत तीन कागद. मूळ कागदात ते वाक्य होतं. तिच्या कागदात नव्हतं. आणि उलटरावांनी परतवलेल्या कागदात होतं.

सुलटबाई खुर्चीवर बसली. तिचा कागद सोडून दुसरं काही त्या माणसाच्या हाती गेलेलं नव्हतं. जे वाक्य तिने लिहिलंच नाही, ते त्याच्या कागदात आलं कुठून? तिने तिन्ही कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरले. आपल्याला वेड लागत असावं असं तिला मनापासून वाटलं, आणि ते खरं निघालं असतं तर तिला चाललं असतं.

मोठ्या बाई आल्या तशी ती त्यांच्या खोलीत गेली आणि तिने सगळं सांगून टाकलं. माझ्याकडून वाक्य गळलंय, कागद शहरभर गेलाय, आजच्या आज परत मागवा. मोठ्या बाईंनी नेहमीप्रमाणे मूळ कागद आणि परतवलेला कागद शेजारी ठेवले, चष्मा लावला आणि ओळीओळीने ताडून पाहिलं.

"वाक्य इथे आहे की," त्या म्हणाल्या.

"ते त्यांच्या कागदात आहे. माझ्या कागदात नाही."

"तुमची भाषा मला येत नाही, बाई. त्यासाठीच तर हा दुसरा कागद असतो."

माझ्या नवऱ्याला बोलावते, शेजारणीला आणते, ती वाचून दाखवेल, असं सुलटबाई म्हणाली. घरची किंवा यादीबाहेरची माणसं चालत नाहीत, असं मोठ्या बाईंनी समजावलं, अगदी मायेने. त्यांनी तिच्यासमोरच दवाखान्यात फोन लावला. पलीकडून डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते त्यांनी हळूहळू लिहून घेतलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. पेशंट आज सकाळी पूर्ण शुद्धीवर होत्या. मुलाला दुभाषा म्हणून शेजारी बसवून त्यांनी जबानी दिली की कागदावर नीट लिहिलेलं होतं, आपणच विसरलो. सुनेनेही काल स्वतःहून हेच सांगितलं होतं. त्यामुळे कागदाबद्दल तक्रार नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्हाला धक्का बसलाय, चार दिवस रजा घ्या. वर असंही म्हणाल्या की अकरा वर्षांत एक लाल खूण नसलेली बाई एकाएकी स्वतःवर आळ घेते, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. माणूस आपल्यावर विश्वास ठेवतोय म्हणून एखाद्याला दरदरून घाम फुटावा, असा प्रसंग सुलटबाईवर पहिल्यांदाच आला.

ती तडक दवाखान्यात गेली. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या, आणि घराशेजारची बाई त्यांची वेणी घालून देत होती. सुलटबाईने विचारलं, पाठीवरच्या पट्ट्या कुणी लावल्या? शेजारणीने मान खाली घातली. मीच, म्हणाली, पण तिसऱ्या पट्टीच्या वेळी मी म्हटलं होतं यांना, आधीची काढूया का. तर यांनी मला गप्प केलं.

"मग काय चुकलं माझं?" सासूबाई म्हणाल्या. "कागद माझ्या सुनेने लिहिलाय. काढायची असती तर तिने लिहिलं नसतं का?"

सुलटबाईला सगळं चित्र दिसलं. दवाखान्यात पट्ट्या देताना कुणीतरी शहराच्या भाषेत तोंडी सांगितलं असणार, सासूबाईंनी न कळता मान डोलावली असणार, आणि घरी येऊन सगळा भार त्या कागदावर टाकला असणार. नऊ वेळा वाचला मी, त्या सांगत होत्या, चुकायला नको म्हणून.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, त्यात ते वाक्य नाही?"

"काल तुझं तोंड बघितलं तेव्हा कळलं."

"मग आज डॉक्टरांना लिहिलं होतं असं का सांगितलंत, आई?"

"तुझं नाव खराब व्हायला नको म्हणून. माझं काय, म्हातारी विसरली म्हटलं की विषय संपला." आणि मग तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू काळजी करू नकोस. मी मेले असते तरी तुझं नाव घेतलं नसतं."

हे त्या इतक्या प्रेमाने म्हणाल्या की सुलटबाईला ओरडावंसं वाटलं. मेल्यावर तर कुणाचंच नाव घेता येत नाही. आणि या पट्ट्या घेऊन घरी गेलेल्या, हाच कागद नऊ नऊ वेळा वाचणाऱ्या दुसऱ्या सासवा या शहरात किती असतील, त्यांच्या सुनांना तर काही माहीतही नसेल.

उलटरावांचा पत्ता तिला कारकून बाईंनी दिला. नियम मोडतेय हे दोघींनाही माहीत होतं. कारकून बाईंनी चिठ्ठी पुढे केली आणि त्या लगेच टाके मोजायला लागल्या.

चौथ्या मजल्यावर दार उघडलं ते एका किडकिडीत म्हाताऱ्याने, सत्तरी पार केलेल्या. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात सपाता. तिने घरच्या भाषेत तोंड उघडताच, अजून नावही सांगितलं नव्हतं, तो म्हणाला, "आपण सुलटबाई. या." आवाज थरथरत होता, पण भाषा स्वच्छ, पुस्तकातली.

घर एका खोलीचं. टेबल, दिवा, आणि भिंतभर कागद. हे गृहस्थ जन्माने शहराच्या भाषेतले. घरची भाषा त्यांनी बायकोकडून शिकली होती, आणि बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. ती गेल्यावर या घरात ती भाषा येते ती फक्त तुमच्या कागदांतून, असं त्यांनी चहा ठेवताना सांगितलं. खोकल्याचं औषध असो की डोळ्यांचे थेंब, मी आधी एकदा मोठ्याने वाचतो, म्हणाले. सुलटबाईला हे ऐकायचं नव्हतं. तिने पट्टीचा कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, हे वाक्य तुम्ही कुठून आणलंत?

त्यांनी कागद बघितला नाहीच. "ते सुटलं होतं," ते म्हणाले. "पट्टीच्या प्रत्येक कागदात ते असतंच. म्हणून मी घातलं."

"पण मी ते लिहिलं नव्हतं."

"नव्हतं. परंतु आपण लिहिलं असतंच."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. उलटराव शांतपणे सांगत होते. ते 'विश्वासू'वरून लिहिलेलं दोन पानी पत्र त्यांना दाखवलं होतं, खुलासा मागायला. माझ्या एका शब्दापायी लहान मुलाच्या आईची नोकरी जाणार होती, हे मला फार लागलं. त्या दिवशी मी ठरवलं, माझ्या हातून यांच्या कागदावर पुन्हा लाल खूण पडू द्यायची नाही.

"म्हणजे?" सुलटबाईने विचारलं. पण तिला कळलं होतं. कळल्यामुळेच तिने टेबलाची कड धरली होती.

"म्हणजे जिथे चूक दिसेल, तिथे औषधांच्या पुस्तकात बघून मी बरोबर ते लिहीत गेलो."

"किती ठिकाणी?"

ते उठले. भिंतीशी एक खण होता, त्यातून त्यांनी तिच्या कागदांच्या नकलांचा गठ्ठा काढला. प्रत्येक कागदावर कुठेतरी शिसपेन्सिलीचा बारीक ठिपका. सत्तेचाळीस, ते म्हणाले, बहुतेक अगदी किरकोळ. तिने वरचा कागद उचलला: जेवणाआधी घ्यायचं औषध तिने जेवणानंतर घ्यायला सांगितलं होतं. दुसऱ्यात दिवसातून दोनदाचं तीनदा झालं होतं. तिसरा तिने वाचला नाही. बाहेरच्या खोलीतली ती चौकट, मुलीला अभ्यासावरून ऐकवलेले बोल, नव्या सुलट मंडळींना केलेला उपदेश की लक्ष लागतं हो, बाकी काही नाही, सगळं तिच्या अंगावर आलं. अकरा वर्षं ती चुकली नव्हती असं नव्हे. अकरा वर्षं तिला चुकू दिलं गेलं होतं.

"माझा कागद बघून आपण आपला दुरुस्त करत असाल, असं मला वाटलं," उलटराव म्हणाले.

"खरंच वाटलं?"

त्यांनी गठ्ठ्याच्या कडा नीट जुळवल्या. "वाटून घेतलं," म्हणाले.

मग तिने त्यांना चार पट्ट्या सांगितल्या. दंडावरच्या, पाठीवरच्या, आणि तो सावकाश येणारा श्वास. म्हाताऱ्याने हातातला कप दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. कागदांच्या दुसऱ्या टोकाला माणसं असतात, हे त्याला आत्ताच कुणीतरी सांगितलं असावं, असं दिसत होतं.

"आमच्या शहराच्या भाषेत विश्वासू म्हणजे पडणाऱ्याला धरणारा," तो शेवटी म्हणाला. "आणि धरताना ओरडायचं नसतं. चारचौघांत त्याची लाज जाते. गपचूप धरायचं."

"आणि आपण रोज पडतोय हे पडणाऱ्याला कधी कळायचंच नाही?"

"मी आपलं भलंच केलं, बाई."

"केलंत. सासूबाईंनीही केलं."

तिने त्यांना मोठ्या बाईंचं सांगितलं, फोनचं सांगितलं. कागद मागे घ्यायचा तर तो शहराच्या भाषेत वाचून दाखवणारं माणूस लागतं, आणि कार्यालयाच्या यादीत तसे तुम्हीच एक आहात. चला माझ्याबरोबर. ते मान हलवायला लागले. तिथे येऊन आपल्याविरुद्ध बोलू? ते माझ्याच्याने व्हायचं नाही. दुसरं काहीही सांगा.

"सासूबाई माझ्यासाठी खोटं बोलल्या," सुलटबाई म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलंत. मी स्वतः तोऱ्यात डॉक्टरांना खोटं सांगून आले. माझ्याबद्दल खरं बोलणारं आता कुणी उरलेलंच नाही. मी बोलते तर त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही."

ती चहा तसाच टाकून उठली. जिना उतरताना मागे दार लागल्याचा आवाज आला.

तीन वाजेपर्यंत ती कार्यालयातल्या बाकावर बसून राहिली. दोनदा मोठ्या बाईंनी तिला घरी जायला सांगितलं. कारकून बाईंनी पाणी आणून दिलं. दर वेळी दार वाजलं की तिची मान वळायची आणि कुणीतरी भलतंच आत यायचं. येणार नाहीत, तिने मनाशी म्हटलं, आणि का यावं? त्यांच्या लेखी न येणं हीच तर निष्ठा. मग शहरातल्या औषधांच्या दुकानांत आपण स्वतः जायचं आणि एकेक कागद मागून घ्यायचा, असं ती ठरवत होती, आणि किती दुकानं असतील याचा अंदाज बांधताना तिला रडू फुटायला आलं होतं. तेवढ्यात ते आले. काखेत तो गठ्ठा होता आणि चार मजले नि सगळा रस्ता धावत आल्यासारखी धाप लागली होती.

मोठ्या बाईंनी दोघांना एका खोलीत बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण त्यांनी दार लावून घेतलं. मूळ कागद टेबलाच्या खणात टाकला, तिने लिहिलेला कागद उलटरावांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, यात जे आहे ते वाचा. जे आहे तेवढंच.

उलटरावांनी चष्मा पुसला. हात धुऊन कोरडे करा, त्यांनी शहराच्या भाषेत वाचलं. जागा निवडा. कागद सोलून काढा. अर्धा मिनिट दाबून धरा. इथे ते थांबले. त्यांचे ओठ हलले, आणि सुलटबाईला दिसलं की ते वाक्य त्यांच्या तोंडात तयार आहे, सवयीने आपोआप आलेलं, नुसतं बाहेर पडायचं राहिलंय. ते तिच्याकडे बघत होते. तिने नजर हलवली नाही.

"तीन दिवसांनी दुसऱ्या जागी नवी पट्टी लावा," त्यांनी वाचलं. आणि मग म्हणाले, "जुनी काढण्याचं वाक्य यात नाही. ते मी पदरचं घातलं होतं. अशी आणखी सेहेचाळीस ठिकाणं आहेत."

अकरा वर्षं ज्या दोन कागदांकडे बघून मोठ्या बाई निर्धास्त झोपल्या होत्या, त्यांतल्या एकावर त्यांनी हात ठेवला होता, आणि तो हात उचलायचं त्यांना सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी कागद मागे घेण्याचा छापील फॉर्म काढला. उलटरावांनी तो भरायला घेतला. औषधाचं नाव, तारीख, गळलेलं वाक्य. शेवटचा प्रश्न होता: मूळ भाषांतर करणारी व्यक्ती विश्वासार्ह आहे का? हो किंवा नाही लिहा.

पेन तिथे अडकलं. या एका बाईला सावरण्यात ज्याने अकरा वर्षं घालवली तो माणूस त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिला. मग त्याने अक्षर काढल्यासारखं, ठळक, लिहिलं: नाही.

आपण चुकलो म्हणून सकाळपासून घसा फोडून सांगणाऱ्या सुलटबाईला तो शब्द कुणीतरी थोबाडीत द्यावी तसा लागला. खोटं कशाला सांगा, तिला रागही आला. दोन क्षण तिला त्या म्हाताऱ्याचं तोंडसुद्धा बघवेना. आणि मग तिच्या लक्षात आलं की तिच्याबद्दल इतक्या वर्षांत कुणी लिहिलेलं हे पहिलं वाक्य आहे, ज्यावर डोळे मिटून विसंबावं. तिने त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि खाली सही केली. मोठ्या बाईंनी फोन उचलला, आणि त्या पट्टीचे सगळे कागद परत मागवायला सुरुवात केली.